नवी मुंबईत मुलांची आंतरराष्ट्रीय आइस स्केटिंग स्पर्धा भरवायची तर काय काय लागेल

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. घणसोलीला राहणारे एक बाबा विचारतायत. मुलगी बारा वर्षांची, चार वर्षं इनलाइन (एका रांगेत चाकं असलेलं स्केटिंग) करतेय आणि गेली दोन वर्षं सुट्टीत गुरुग्रामला जाऊन बर्फावर शॉर्ट ट्रॅक (छोट्या अंडाकृती ट्रॅकवरची स्केटिंगची शर्यत) शिकतेय. क्लबातल्या पालकांचं म्हणणं की दरवेळी आपणच का बॅगा उचलून जायचं, इथेच नवी मुंबईत आशियातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची स्पर्धा भरवू, आता एअरपोर्टपण आहे, जागाही आहे, उत्साही पालक आहेत. हे शक्य आहे का आणि सुरुवात कुठून करायची?

शक्य आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण खाली जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल ही बाई घाबरवतेय. मी ठाण्यात बावीस वर्षं स्केटिंग शिकवतेय, आधी क्वाड (दोन-दोन चाकांचं) मग इनलाइन, मधे सहा-सात वेळा ज्युनियर मुलांना घेऊन टीम मॅनेजर म्हणून बाहेरच्या देशात बर्फावरच्या स्पर्धांना गेलेय, आणि इथे भरलेल्या मुलांच्या मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडूंची राहण्या-जेवणाची आणि बसची बाजू सांभाळलीय. म्हणजे पाहुणे म्हणून पण गेलेय आणि यजमान म्हणून पण उभी राहिलेय, आणि दोन्हीकडून मला एकच दिसलंय, की लोक बर्फाची काळजी करतात आणि मुलांच्या दिवसाची करत नाहीत. बर्फ पैसे टाकून मिळतो. पण दुसऱ्या देशातल्या आईबापाने पंधरा वर्षांची पोर आपल्या भरवशावर पाठवायची, त्यासाठी आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न क्लबात पहिल्या मीटिंगला विचारा.

आधी खेळ ठरवा. हिवाळी खेळ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बर्फाचे डोंगर येतात, ते इथे होणार नाही, स्कीइंग गुलमर्ग-औलीसारख्या ठिकाणीच. खेलो इंडिया विंटर गेम्स २०२० ला सुरू झाले, त्यांचीही अलीकडे तशीच वाटणी आहे, आइसचे खेळ लडाखला आणि स्नोचे गुलमर्गला. आपल्याला छपराखालचं एक रिंक लागणारे आणि त्यात स्केटिंगचे दोनच खेळ नीट बसतात, फिगर (संगीतावर उड्या-गिरक्या) आणि शॉर्ट ट्रॅक. मी शॉर्ट ट्रॅक घेईन कारण आपली इनलाइनची मुलं तिकडे पटकन वळतात, टर्न मारायची आणि खाली बसायची सवय त्यांच्या अंगात असते. शिवा केशवन ल्यूजमध्ये (बर्फाच्या नळीतून घसरगाडीवर उताणं झोपून खाली येण्याचा खेळ) १९९८ ते २०१८ सहा ऑलिंपिक खेळला, तो हिमाचलच्या रस्त्यावर चाकं लावून सराव करायचा. चाकावरून बर्फावर जाणं आपल्याकडे नवीन नाही.

आता बर्फ. आंतरराष्ट्रीय मापाचं रिंक ६० मीटर बाय ३० मीटर, त्यात शॉर्ट ट्रॅकची एक फेरी १११.१२ मीटरची. खाली काँक्रीटचा स्लॅब, त्यात पाइपांचं जाळं, पाइपातून गोठणबिंदूच्या खालचं ब्राइन (खारं पाणी) किंवा ग्लायकॉल फिरतं, आणि वर पाण्याचे पातळ पातळ थर फवारत साडेतीन-चार सेंटीमीटर बर्फ उभा करायचा. एकदम पाणी ओतून गोठवला तर तो ठिसूळ होतो, म्हणून याला काही दिवस लागतात. हिशोब करून बघा, १८०० चौरस मीटर आणि साडेतीन सेंटीमीटर म्हणजे ६३ हजार लिटर, आपल्या भाषेत दहा हजारवाले सहा-सात टँकर. पण टँकरचं पाणी थेट चालत नाही, क्षार असले की बर्फ धुरकट आणि मऊ होतो, त्यामुळे आरओ करून घ्यायचं. आणि एवढं पाणी २८ डिग्रीवरून गोठवायला वीज किती लागेल तर ढोबळमानाने तीन-साडेतीन हजार युनिट, म्हणजे एका टू-बीएचकेची वर्षभराची वीज. स्लॅब थंड करायचा खर्च वेगळा, पण तरी हा आकडा ऐकून पालक दरवेळी खुश होतात आणि मला त्यांना थांबवावं लागतं, कारण बर्फ करणं हा खर्च नाहीच. खर्च आहे तो टिकवण्याचा, आणि आपल्याकडे त्याची दुश्मन गरमी जेवढी आहे त्याच्या दुप्पट दमटपणा आहे.

हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. जुलै महिना होता, एका मॉलमधलं छोटं रिंक, आम्ही मुलांचं सिलेक्शन ठेवलं होतं. सकाळी सातला दार उघडलं तर बर्फावर कमरेएवढं धुकं. मुलं उभी राहिली की डोकी दिसतात, खाली वाकली की गायब. आणि वरून छताच्या पत्र्याला घाम फुटलेला, त्याचे थेंब टप टप बर्फावर पडतायत आणि पडल्या जागी गोठतायत, हरभऱ्याएवढे फोड. शॉर्ट ट्रॅकचं ब्लेड एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्या फोडावर टर्नमध्ये गेलं की पोरगं सरळ पॅडिंगमध्ये. आम्ही वाकून प्लास्टिकच्या स्क्रेपरने फोड काढत होतो आणि मागे नवीन पडत होते. तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनिया प्लांट चालवणारे एक काका मुलाला घेऊन आले होते, ते म्हणाले, मॅडम तुमचा चिलर बरोबर चाललाय, हवा आजारी आहे, हवेचं औषध करा. त्या दिवशी सिलेक्शन रद्द केलं आणि साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेली दोन मुलं तशीच परत गेली, ते माझ्या मनातून अजून जात नाही.

काकांनी सांगितलं ते औषध म्हणजे डीह्युमिडिफायर, आणि साधा एसी नव्हे, सिलिका जेलचं चाक असलेला मोठा. टीटीसी एमआयडीसीतल्या औषध कंपन्यांमध्ये हे मशीन रोज चालतं, त्यामुळे ते बसवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं महापे-रबाळेला आहेत, ही नवी मुंबईची मोठी जमेची बाजू आहे आणि कोणी धरतच नाही. आत हवा दहा-बारा डिग्री आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या आत ठेवायची. छताला खालून चकाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा कपडा ताणायचा म्हणजे छताची उष्णता बर्फावर येत नाही आणि थेंब पण धरत नाहीत. प्रवेशाला दोन दारं, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आणि ओल्या छत्र्या बाहेर, अगदी सक्तीने, कारण पाचशे माणसं पाचशे ओल्या छत्र्या घेऊन आत आली की तुमच्या मशीनची दमछाक होते. कॉम्प्रेसर दोन हवेत, एक चालू एक तयार. महावितरणचं हायटेन्शन कनेक्शन आणि डीजी (डिझेल जनरेटर) दोन्ही पाहिजे, आणि डीजीवर आधी डीह्युमिडिफायर टाका मग चिलर, कारण साडेतीन सेंटीमीटर बर्फ आणि त्याखालचा थंड स्लॅब थोडा वेळ तग धरतो पण धुकं लगेच येतं.

तापमानाचं पण एक. फिगरवाल्यांना बर्फ थोडा मऊ लागतो, उणे तीन-चार, म्हणजे जंपवरून उतरताना ब्लेड पकड घेतं. शॉर्ट ट्रॅकला कडक, उणे सहा-सात. एकाच दिवशी दोन्ही ठेवायच्या भानगडीत पडू नका, पहिल्या वर्षी एकच खेळ घ्या. दर तासाला झांबोनी फिरवायची (हे खरं तर कंपनीचं नाव, कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झांबोनीने १९४९ मध्ये पहिली बनवली, पण आता सगळे त्या गाडीलाच झांबोनी म्हणतात), ती वरचा थर खरवडते आणि गरम पाणी पसरते. गरम का, तर त्यात विरघळलेली हवा कमी असते, बर्फ पारदर्शक आणि टणक बसतो. आणि रेसच्या मधे कोपऱ्यांवर बादलीने पाणी टाकायला मुलं लागतात, कारण सगळे तिथेच वळतात आणि चर पडतात. हे बादलीवाले व्हॉलंटिअर स्वतः स्केटर असले पाहिजेत. तुमच्या क्लबातली सतरा-अठरा वर्षांची मुलं या कामाला उभी करा, त्यांच्याइतकं जवळून रेस कुणालाच दिसत नाही आणि ती जे शिकतील ते कुठल्या कॅम्पमध्ये मिळणार नाही.

बर्फाचं एवढंच, आता मुलांकडे येते.

मुलांची स्पर्धा म्हणजे मोठ्यांच्या स्पर्धेचं छोटं रूप, असं धरून बहुतेक यजमान चालतात आणि तिथेच चुकतात. चौदा वर्षांचं मूल पहिल्यांदा घर सोडून आलंय, त्याला भाषा येत नाही, त्याचा कोच एकटाच आणि त्याच्याबरोबर अजून पाच मुलं. त्याला झोप नऊ तास लागते. त्याला सकाळी सहाला सराव आणि रात्री साडेनऊला फायनल दिलीत तर ते रेस हरणार नाही, ते पडेल, आणि शॉर्ट ट्रॅकमध्ये पडणं म्हणजे मागच्याचं ब्लेड. म्हणून टाइमटेबल करताना मी उलटीकडून सुरू करते. दिवे किती वाजता बंद व्हायला हवेत? साडेनऊ. त्याआधी जेवण, अंघोळ, बस, कूल-डाउन. म्हणजे शेवटची रेस संध्याकाळी साडेपाचला संपलीच पाहिजे, बक्षीस समारंभ सकट, आणि नेत्यांची भाषणं सकट. आता त्यात काय बसतं ते बघा. ५०० मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या, एका हीटमध्ये (पहिल्या फेरीच्या शर्यतीत) चार जण. चाळीस मुलगे चाळीस मुली असतील तर नुसत्या पहिल्या राउंडच्याच वीस हीट, प्रत्येकी स्टार्ट, फॉल्स स्टार्ट, रेफ्रीचा व्हिडिओ सगळं धरून तीन मिनिटं, म्हणजे एक तास, मग झांबोनी, मग पुढचा राउंड. एका मुलाला दोन रेसच्या मधे निदान पंचवीस-तीस मिनिटं पाहिजेत. असं लावत गेलात की तुम्हाला कळेल की एका दिवशी एकच अंतर नीट होतं, म्हणजे स्पर्धा तीन दिवसांची आणि आधी दोन दिवस सराव. आणि ऐंशीपेक्षा जास्त मुलं पहिल्या वर्षी बोलवायचीच नाहीत.

वयाचं आत्ताच बघून ठेवा, कारण इथे वाद होतात. स्केटिंगमध्ये वय स्पर्धेच्या दिवशीचं धरत नाहीत, सीझनच्या आधीच्या १ जुलैला किती होतं ते धरतात. आपल्याकडे पालकांना हे माहीत नसतं आणि ऐनवेळी दाराशी रडारड. मोठ्यांच्या स्पर्धेचं किमान वय २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियनने पंधरावरून सतराकडे न्यायचं ठरवलं, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला कमिला वलिएवा या पंधरा वर्षांच्या रशियन फिगर स्केटर मुलीचं डोपिंगचं प्रकरण झालं त्यानंतर. तिच्यावर त्या वयात सगळं जग तुटून पडलं होतं, मी टीव्हीसमोर बसून बघवत नव्हतं. म्हणजे चौदा ते अठराच्या मुलांना त्यांच्या वयाचं मैदान मिळणं आता जास्त गरजेचं झालंय, आणि म्हणूनच तुमची कल्पना मला आवडली. डोपिंग टेस्ट तुमच्याकडेही होऊ शकते, तेव्हा अठराच्या आतल्या मुलाबरोबर त्याच्या बाजूचं मोठं माणूस असायला हवं, त्याची खोली, बाटल्या, थांबायची जागा हे सगळं आधी आखून ठेवा.

राहण्याची जागा. हॉटेल नको. कॉलेजचं हॉस्टेल घ्या, एकाच कॅम्पसमधलं, एकच गेट असलेलं. जगभर हेच करतात. २०१६ च्या लिलेहॅमरच्या युवा हिवाळी ऑलिंपिकला जे घरकुल बांधलं ते नंतर विद्यार्थ्यांनाच राहायला दिलं, २०२० ला लोझानमध्ये मुलं विद्यापीठाच्या नव्या गोल इमारतीत राहिली आणि नंतर तिथे विद्यार्थी आले. आपल्याकडे नेरूळ, बेलापूर, खारघर, ऐरोली या पट्ट्यात हॉस्टेलं भरपूर, डिसेंबरमध्ये सेमिस्टरची परीक्षा संपली की खोल्या मोकळ्या होतात. मुलींचा मजला वेगळा, प्रत्येक मजल्यावर रात्रभर जागी असलेली बाई, आणि चार-पाच खोल्या रिकाम्या ठेवायच्या आजारी मुलांसाठी. ही शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. २०२२ च्या जानेवारीत इथेच डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला फुटबॉल एशियन कपमध्ये आपल्या टीममध्ये इतक्या जणी कोविड पॉझिटिव्ह आल्या की मॅच खेळायला टीमच उभी राहिली नाही आणि घरच्या स्पर्धेतून भारताला बाहेर पडावं लागलं. त्या मुलींचे चेहरे आठवतात. तुमच्याकडे साधा व्हायरल आला तरी एका हॉस्टेलमध्ये दोन दिवसांत पसरतो.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत ऑनलाइन नोंद करायची असते, सगळे त्याला फॉर्म सी म्हणतात. हॉटेलवाले ते रोज करतात, हॉस्टेलच्या वॉर्डनने आयुष्यात केलेलं नसतं. ऐंशी मुलं पहाटे दोन ते पाचच्या फ्लाइटने येतायत आणि प्रत्येकाचा पासपोर्ट-व्हिसा स्कॅन करायचाय, हे दृश्य मी भोगलंय, स्कॅनर एकच होता, मुलं पायऱ्यांवर बॅगेला डोकं टेकून झोपली होती. आठवडाभर आधी सगळ्यांच्या कॉपी मागवून अर्धा फॉर्म भरून ठेवला तर पंधरा मिनिटांत मूल खोलीत जातं.

आता सगळ्यात गंभीर. मुलांची सुरक्षा. व्हॉलंटिअर कितीही ओळखीचा असो, पोलीस व्हेरिफिकेशन झाल्याशिवाय त्याला गळ्यात कार्ड नाही. कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नाही, फिजिओ पण नाही, मसाजचं टेबल उघड्या दाराच्या हॉलमध्ये. चेंजिंग रूममध्ये मोबाइल नाही. मुलांचे फोटो आईबापाच्या लेखी परवानगीशिवाय टाकायचे नाहीत. पॉक्सो २०१२ चा कायदा असं सांगतो की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच पाहिजे, "आधी कमिटीत बोलू" हा पर्याय कायद्यात नाही. हे सगळ्या व्हॉलंटिअरना मराठीत, तोंडी, समोर बसवून सांगा, आणि १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मजल्यावर मुलांच्या भाषांमध्ये लावा. एक बाई अशी नेमा जिचं दुसरं काहीच काम नाही, कोणत्याही मुलाने कधीही यावं आणि तिच्याशी बोलावं. बाहेरच्या एका स्पर्धेत अशी एक आजी होती, विणकाम घेऊन लॉबीत बसायची. आमच्या एका मुलीची स्केटची बॅग विमानात मागे राहिली. शॉर्ट ट्रॅकचे बूट पायाच्या साच्यावर बनवतात, दुसऱ्याचे घालून रेस करता येत नाही, म्हणजे तिची स्पर्धा संपल्यातच जमा. पोरगी मोजे घालून लॉबीत बसून होती, कुणाशी बोलेना, माझ्याशीपण नाही. त्या आजीला इंग्रजी येत नव्हतं, तिने लोकरीचं एक टोक हिच्या हातात दिलं आणि गुंडाळायला लावलं. दीड तास दोघी गुंडाळत होत्या. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली, ५०० गेलं होतं, १००० ती पळाली. आज ती डोंबिवलीला लहान मुलांना शिकवते आणि प्रत्येक कॅम्पला लोकर आणते.

बूट-ब्लेडवरून आठवलं, खाडीची हवा. ब्लेड कार्बन स्टीलचं असतं, इथे रात्रीत गंजतं. प्रत्येक टीमला सुक्या टॉवेलचा ढीग आणि कोरड्या हवेची एक खोली द्या, तिथेच धार लावायची टेबलं, दगड घासल्यावर पाण्या-तेलाने घाण होते ती खाली पडली तरी चालेल अशी फरशी. बाहेरच्या टीम हे बघून ओळखतात की यजमानाला खेळ कळतो.

डॉक्टर. रिंकच्या काठावर बर्फावर न घसरणारे खिळ्यांचे कव्हर घातलेले दोन डॉक्टर, ब्लेडची जखम दाबून धरायचं साहित्य हातात, अ‍ॅम्ब्युलन्स दाराला लागलेली, आणि जवळच्या हॉस्पिटलात सर्जनला तारखा आधी कळवलेल्या. मानेचं गार्ड, कट न होणारा सूट, हेल्मेट नसलेल्या मुलाला बर्फावर पाय ठेवू द्यायचा नाही, सरावालापण नाही. कडेचं पॅडिंग भाड्याने आणताना जाडी आणि जोड दोन्ही तपासा, दोन मॅटमधल्या फटीत स्केट अडकतं.

बस. माझं निम्मं आयुष्य घोडबंदर रोडवर गेलंय म्हणून सांगते, रिंक आणि हॉस्टेल ठाणे-बेलापूर रोडच्या एकाच बाजूला असावं, मधे ऐरोलीचा सिग्नल आणि कळवा नाका नको. वीस मिनिटांच्या वर एक मिनिट नको. आत दहा डिग्री बाहेर तेहतीस, घामाने ओलं मूल एसी बसमध्ये बसतं आणि संध्याकाळी ताप, म्हणून बसमध्ये एसी कमी आणि प्रत्येक सीटवर सुका टी-शर्ट घालून घ्यायची सक्ती. जेवण साधं, भात, डाळ, अंडी, चिकन, केळी, दही. वडापाव शेवटच्या दिवशी, रेस संपल्यावर. पहिल्याच दिवशी प्रेमाने मिसळ खाऊ घातलेली एक टीम मला माहितीये, पुढचं लिहीत नाही.

तारीख. जानेवारी-फेब्रुवारी हवेला सर्वात चांगला पण तेव्हा युरोप-कोरियात त्यांच्या मोठ्या स्पर्धा असतात, कोणी येणार नाही, आणि आपली दहावी-बारावीची मुलं अडकलेली. ऑगस्टला बाहेरच्या टीम मोकळ्या असतात, डेहराडूनने २०२५ च्या ऑगस्टमध्येच आशियाई शॉर्ट ट्रॅक ट्रॉफीची स्पर्धा भरवली, पण डेहराडूनचा पाऊस आणि आपला पाऊस, त्यात गणपती. मी डिसेंबरचा दुसरा आठवडा धरेन. थोडी कमी टीम येतील. चालेल.

डेहराडूनचं निघालंच आहे तर तेच नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. तिथलं हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी बांधलं. स्पर्धा छान झाली. मग ते रिंक वर्षानुवर्षं बंद राहिलं, आणि आपल्या मुलांची एक अख्खी पिढी गुरुग्रामच्या मॉलमध्ये तासाचे पैसे भरून आणि लेहच्या थंडीत पहाटे उठून तयार झाली. २०२५ ला ते पुन्हा सुरू झालं तेव्हा मी खूप रडले, खरंच. याच्या उलट कोरिया. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकची काही मैदानं त्यांनी वापरात ठेवली, तिथे बर्फ नसलेल्या देशांच्या मुलांना बोलावून शिकवलं, आणि २०२४ ला गँगवॉनच्या युवा ऑलिंपिकमध्ये ट्युनिशियाच्या मुलाला आणि थायलंडच्या मुलीला मोनोबॉबमध्ये (एकट्याने चालवायच्या बॉबस्लेच्या घसरगाडीत) सिल्व्हर मिळालं, दोन्ही देशांचं हिवाळी ऑलिंपिकच्या स्पर्धेतलं पहिलं मेडल. थायलंडमध्ये आपल्यासारखंच गरम असतं.

तर सुरुवात कुठून. स्पर्धेपासून करू नका, रिंकपासून करा. महापालिका, सिडको, कोणी मोठा बिल्डर, कोल्ड स्टोरेजवाले, ज्याच्याकडे जाल त्याला तीन दिवसांची स्पर्धा विकू नका, वर्षाचे ३६५ दिवस सकाळी साडेपाचला उघडणारं रिंक मागा आणि त्याला रोजची मुलं किती येतील याची खरी यादी द्या, नावं आणि शाळांसकट. ठाणे, कल्याण, पनवेल धरून इनलाइनवाल्या क्लबांची यादी मी देते. दोन पावसाळे ते रिंक धुक्याशिवाय चाललं पाहिजे. त्यानंतर आइस स्केटिंग असोसिएशन ऑफ इंडियाकडे जा, त्यांच्याशिवाय आंतरराष्ट्रीय म्हणताच येत नाही, आधी राज्याची स्पर्धा घ्या, मग राष्ट्रीय ज्युनियर, त्यात तुमचे ट्रॅक स्टुअर्ड (ते बादलीवाले), टायमिंगवाले, रेफ्री तयार होतील. मग तीन-चार देशांच्या कोचना नुसतं कॅम्पला बोलवा, स्पर्धा नाही. ते परत जाऊन आपल्या पालकांना काय सांगतील त्यावर पुढच्या वर्षीची एंट्री ठरणार. चार वर्षं धरा. म्हणजे तुमची मुलगी तेव्हा सोळाची असेल, बरोबर वयात.

आणि एक गोष्ट पहिल्या वर्षापासून ठेवा, राज्याच्या स्पर्धेतसुद्धा. २०१२ च्या इन्सब्रुकच्या पहिल्या युवा हिवाळी ऑलिंपिकमध्येच शॉर्ट ट्रॅकला मिश्र देशांची रिले होती, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वेगवेगळ्या देशांच्या मुला-मुलींच्या टीम बनवायच्या. रिलेत पुढच्याला मागून कमरेला ढकलून पाठवतात, भाषा येवो न येवो, तो क्षण दोघांना एकत्र मोजावाच लागतो. एका स्पर्धेत आमच्या कळव्याच्या मुलाबरोबर एक कझाक मुलगी आली होती, दोघं हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये रात्री मोज्यांवर घसरत एकमेकाला ढकलायचा सराव करत होती, एक-दोन-तीन तिच्या भाषेत. मी दिवे बंद करायला गेले होते, दहा मिनिटं थांबले.

रविवारी क्लबात सगळे जमणार असाल तर कळवा, मी ठाण्याहून येते. येताना मॉलवाल्या त्या दिवसाचे फोटो आणि हॉस्टेलसाठी आम्ही वापरलेले पालकांच्या संमतीचे फॉर्म आणते. तुमच्या मुलीलापण बसवा मीटिंगला, टाइमटेबलचं काय ते तिला विचारू.